पाठकोऱ्या कागदांचा हिशेब

‘नक्कल’ या मराठी शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, प्रत, दुसरा, सोंग. शब्द मूळचा अरबी. त्याच्यासोबत कागद, दप्तर, मसुदा, तारीख, शाई असे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आपल्या कचेऱ्यांत आले आणि इतके मराठी झाले, की आज त्यांना परके म्हणायला जीभ धजणार नाही. शब्दांशी खेळणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या दोन अर्थांची मौज वाटते. पण कुठल्याही मोठ्या कार्यालयात प्रिंटरजवळ दहा मिनिटे उभे राहिले, की कळते, ही नुसती मौज नाही. त्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या कागदांपैकी काही खरोखर प्रती असतात. पुष्कळसे कागद म्हणजे कामाची नुसती सोंगे असतात. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या प्रकारच्या नकलांबद्दल. त्या का निघतात, त्यांची किंमत कोण मोजतो आणि त्या कमी करताना काय जपायला हवे, याबद्दल.

मी नवी मुंबईत राहतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली ती मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी, आणि त्या भारात कार्यालयांचा वाटा मोठा होता. म्हणून बेलापूरला खास व्यापारी केंद्र आखले गेले. आज तिथे सिडको भवन आहे, कोकण विभागाच्या आयुक्तांचे कोकण भवन आहे, कोकण रेल्वेचे मुख्यालय आहे, जवळच महापालिकेची नवी इमारत आहे. ऐरोलीपासून महापेपर्यंत संगणक कंपन्यांचे काचेचे मनोरे आहेत. या प्रत्येक इमारतीत, प्रत्येक मजल्यावर, कोपऱ्यात एक प्रिंटर गुरगुरत असतो. त्याच्या शेजारी एक खोके असते. त्यात टाकून दिलेल्या कागदांचा ढीग असतो. एका बाजूला दोन ओळी, दुसरी बाजू कोरी. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे, पाठकोरा. माझ्या कवितांचे पहिले खर्डे अशाच पाठकोऱ्या कागदांवर झाले. त्यामुळे मला त्यांच्याविषयी माया आहे. पण माया वेगळी आणि हिशेब वेगळा.

कागदाची ही उधळण नवी आहे. आपल्या मुलखात जुन्नरचा कागद नावाजलेला होता. दौलताबादजवळच्या कागझीपुरा या गावाचे नावच तिथल्या कागद करणाऱ्या कागझी कारागिरांवरून पडले. चिंध्या कुटायच्या, त्यांचा लगदा करायचा, तो चाळणीवर धरायचा, वाळवायचा, मग घोटून गुळगुळीत करायचा. एकेका तावामागे इतके हात राबत, तेव्हा कुणी तो सहज फेकून देत नसे. नक्कल करायची तर हाताने लिहायची. पुढे टाइपरायटर आला, कार्बन पेपर आला, तरी चौथी-पाचवी प्रत अंधूकच निघायची. सायक्लोस्टाइलला स्टेन्सिल कापावी लागे आणि ती कापताना चूक झाली, की कारकुनाचा जीव मेटाकुटीला येई. म्हणजे नक्कल काढणे हेच कष्टाचे होते. कष्ट हाच त्या काळचा लगाम होता.

हा लगाम सुटला तो चेस्टर कार्लसन या अमेरिकन माणसामुळे. तो एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा. त्याच त्या कागदपत्रांच्या प्रती मिळवताना तो वैतागला आणि त्याने कोरड्या छपाईचा मार्ग शोधला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या प्रयोगातली पहिली प्रत उमटली. त्या शोधावर आधारलेले झेरॉक्स कंपनीचे ९१४ हे यंत्र १९५९ मध्ये बाजारात आले आणि झेरॉक्स हे कंपनीचे नाव आपल्याकडे सामान्यनाम होऊन बसले. त्याच कंपनीत पुढे गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर तयार केला. तत्त्व तेच. आत एक गोल नळा असतो. प्रकाशाच्या साहाय्याने त्यावर विद्युतभाराचे चित्र उमटते, त्या चित्राला काळी भुकटी चिकटते, ती कागदावर उतरते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की होते. ही भुकटी म्हणजे टोनर. ती शाई नव्हे, तर रंग मिसळलेले बारीक प्लॅस्टिक असते. हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९७५ च्या सुमारास अमेरिकेत भाकिते होऊ लागली, की पडदे येतील आणि कार्यालयातून कागद हद्दपार होईल. घडले उलटेच. अ‍ॅबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर या दोन अभ्यासकांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कागदविरहित कार्यालयाच्या मिथकावर पुस्तक लिहिले. कार्यालयात ई-मेल आला, की कागदाचा वापर सरासरी चाळीस टक्क्यांनी वाढतो, असे त्यांनी नोंदवले. कारण सोपे आहे. आधी पत्र छापून मग वाटत असत. आता आधी वाटतात आणि ज्याला मिळेल तो आपापले छापून घेतो. पूर्वी एका टंकलेखकाच्या टेबलावर असलेला छापखाना प्रत्येकाच्या बोटाखाली आला. आणि ज्याचे बोट कळ दाबते, त्याच्या खिशातून काही जात नाही. सगळ्या उधळणीचे मूळ इथे आहे.

आता थोडा हिशेब करू. ए-४ आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. कागदाच्या वेष्टनावर ‘७० जीएसएम’ किंवा ‘७५ जीएसएम’ लिहिलेले असते, ते एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. म्हणजे ७५ जीएसएमच्या पाचशे कागदांच्या एका रिमचे वजन जवळपास २ किलो ३५० ग्रॅम भरते. समजा, एका संस्थेत एक हजार माणसे आहेत आणि प्रत्येक जण दिवसाला फक्त दहा पाने एकाच बाजूने छापतो. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले, तर २५ लाख कागद झाले. पाच हजार रिम. वजन जवळपास पावणेबारा टन! हा कागद विकत घ्यायचा, गाडीतून आणायचा, कपाटात ठेवायचा, छापायचा, लावायचा, सांभाळायचा आणि शेवटी रद्दीत घालायचा. रिमची किंमत या साखळीतली फक्त पहिली कडी आहे. टोनर, वीज, यंत्राची दुरुस्ती, फायलींनी अडवलेली जागा आणि त्या शोधणाऱ्या माणसाचा वेळ, हे सगळे त्यावर चढत जाते.

दोन्ही बाजूंनी छापले तर खर्च निम्मा होईल, असे चटकन वाटते. तसे होत नाही. वरच्या उदाहरणात २५ लाखांपैकी १० लाख पाने एकपानी पत्रांची आहेत असे धरले, तर ती एकपानीच राहणार. उरलेली १५ लाख साडेसात लाखांवर येतील. एकूण साडेसतरा लाख. म्हणजे बचत निम्मी नव्हे, तीस टक्के. तरीही साडेसात लाख कागद वाचले. त्यासाठी काय करावे लागले? संगणकाच्या मांडणीत एक खूण बदलावी लागली. बस्स.

या एका खुणेचे महत्त्व स्वीडनमधल्या एका मोठ्या विद्यापीठात पारखून पाहिले गेले. योहान एगेबार्क आणि मथियास एकस्ट्रॉम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथे दोन उपाय करून पाहिले. काही विभागांना विनंती केली, की कृपया कागद वाचवा, दोन्ही बाजूंनी छापा. दुसरीकडे विनंतीच केली नाही. प्रिंटर मुळातच दोन्ही बाजूंनी छापेल अशी मांडणी करून ठेवली. एका बाजूने हवे त्याने तसे निवडावे. २०१६ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. विनंतीचा परिणाम शून्य. मांडणी बदलल्यावर मात्र कागदाचा वापर पंधरा टक्क्यांनी घटला, तोही लगेच आणि टिकून. मला हे वाचून वाईट वाटले नाही. माणसे वाईट असतात असे यातून निघत नाही. माणसे घाईत असतात आणि जे समोर वाढून ठेवले आहे ते घेतात, एवढेच निघते. म्हणून ‘झाडे वाचवा’चे फलक प्रिंटरवर चिकटवण्यापेक्षा प्रिंटरच्या पोटातली ती खूण बदलणे जास्त शहाणपणाचे.

दुसरी खूण रंगाची. साधे छापणे काळ्या रंगातच व्हावे, रंगीत हवे असेल तर मुद्दाम मागावे. तिसरा उपाय ‘छापा’ म्हटल्याबरोबर कागद बाहेर न पडण्याचा. अनेक मोठ्या कंपन्यांत आता कर्मचाऱ्याने प्रिंटरपाशी जाऊन आपले ओळखपत्र टेकवले, तरच त्याची पाने निघतात. न नेल्यास काही तासांनी ती मागणी आपोआप पुसली जाते. यातून दोन गोष्टी साधतात. छापून विसरलेल्या कागदांचा ढीग संपतो आणि पगारपत्रके, चौकशी अहवाल यांसारखे कागद ट्रेमध्ये उघड्यावर पडून राहत नाहीत. चौथा उपाय टेबलाटेबलावरचे छोटे प्रिंटर काढून मजल्यावर एक-दोन मोठे ठेवण्याचा. छोट्या यंत्राची खरेदी स्वस्त असते, पण त्याच्या लहान डबीतल्या टोनरवर पडणारा दर पानामागे महाग असतो. शिवाय चार वेगळ्या बनावटींची यंत्रे असली, की चार प्रकारच्या डब्या कपाटात पडून राहतात आणि नेमकी हवी ती नसते. पाचवा उपाय हिशेबाचा. प्रत्येक विभागाला महिन्याच्या शेवटी त्याने किती पाने छापली ते कळवायचे. दंड नको, दटावणी नको. फक्त आकडा. स्वतःचा आकडा शेजारच्या विभागापेक्षा दुप्पट दिसला, की माणसे आपणहून विचार करू लागतात.

टोनरच्या डबीवर ती किती पाने चालेल ते लिहिलेले असते. ही मोजणी पानाचा साधारण पाच टक्के भाग काळा होतो असे धरून केलेली असते. गडद चौकटी, ठळक मथळे आणि पानभर बोधचिन्हे छापणाऱ्यांची डबी म्हणूनच लवकर संपते. रिकामी डबी कचऱ्याच्या टोपलीत टाकू नये. आपल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर त्याच्या डब्यांचाही स्पष्ट समावेश आहे. आत राहिलेली भुकटी प्लॅस्टिकची असते हे मघाशी सांगितलेच. तिची जागा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे आहे, डंपिंग ग्राउंडवर नाही.

अक्षरांचे वळण बदलून शाई वाचवण्याच्या कहाण्याही मधूनमधून येतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेने २०१० मध्ये ई-मेलसाठी बारीक रेषांचा टंक ठरवला. २०१४ मध्ये पिट्सबर्गच्या सुविर मीरचंदानी या चौदा वर्षांच्या मुलाने गॅरामॉण्ड टंक वापरल्यास अमेरिकी शासनाचे कोट्यवधी डॉलर वाचतील, असे गणित मांडले आणि तो जगभर गाजला. जाणकारांनी मग लक्षात आणून दिले, की बारा आकड्यातला गॅरामॉण्ड इतरांपेक्षा दिसायलाच लहान असतो. बचत त्याच्या वळणाची नव्हती, लहानपणाची होती. मराठीतही हेच दिसते. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडतो. ‘कोकिळा’ त्याच आकड्यात कितीतरी लहान दिसतो. पण ‘कोकिळा’ लावून पाने वाचवली आणि साठीतल्या माणसाला नोटीस वाचता आली नाही, तर ती बचत कुणाच्या जिवावर झाली? त्यापेक्षा समास आवरावा. ए-४ कागदावर चारही बाजूंनी इंचभर समास सोडला, तर पानाचा सदतीस टक्के भाग कोरा जातो. समास पाऊण इंच केला, तर शंभर पानांचा मजकूर अठ्ठ्याऐंशी पानांत बसतो आणि अक्षर होते तेवढेच राहते.

मराठी कार्यालयांत छपाई वाढण्याचे एक कारण तर खास आपलेच होते. युनिकोड रुळण्यापूर्वी एका कार्यालयात श्रीलिपी, दुसऱ्यात आकृती, तिसऱ्यात सीडॅकचा सुरेख टंक. इकडून पाठवलेले पत्र तिकडच्या संगणकावर उघडले, की मराठीऐवजी चिन्हांची रांगोळी दिसायची. मग उपाय एकच, छापा आणि माणसाबरोबर पाठवा. तिकडचा माणूस तोच मजकूर पुन्हा टंकित करून पुन्हा छापी. ज्यांनी युनिकोडचा आग्रह धरला, त्यांनी भाषेची सेवा केली हे सगळे म्हणतात. त्यांनी किती रिम वाचवली, हे कुणी म्हणत नाही.

दुसरे कारण पत्रांच्या खालची ‘प्रत’ची यादी. माहितीसाठी सविनय सादर, माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी, स्थळप्रत, निवडनस्ती. प्रत्येक नाव म्हणजे एक नक्कल. यातल्या कितीजणांना ती वाचायची असते? शासन निर्णयांच्या बाबतीत हा प्रश्न चांगल्या रीतीने सुटला. आज शासन निर्णय डिजिटल स्वाक्षरीने निघतो, त्याच्याखाली एक संकेतांक असतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला आणि स्वाक्षरीला मान्यता दिली. कायद्याचा आधार असूनही ‘सहीची प्रत पाठवा’ म्हणणारी मने मात्र सावकाश बदलली.

न्यायालयांचे उदाहरण मोठे बोलके आहे. मोठ्या आकाराच्या जाड कागदावर, एकाच बाजूने, ऐसपैस ओळी सोडून लिहायची तिथली परंपरा. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२०पासून ए-४ कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई असा नियम केला. अक्षराचा आकार चौदा आणि ओळींतले अंतर दीडपट असेही सांगितले. म्हणजे कागद वाचवला, पण वाचणाऱ्याचे डोळे विसरले नाहीत. २०२१ मध्ये केंद्रीय अर्थसंकल्प स्वातंत्र्यानंतर प्रथमच न छापता मांडला गेला. निमित्त साथीचे होते, पण त्यावाचून काही अडले नाही.

आता अवघड भागाकडे येऊ. कागद कमी करा म्हटले, की काही माणसांच्या पोटात गोळा येतो आणि त्यांची भीती खोटी नसते. नवी मुंबई ज्या ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली, त्या गावांतल्या घरांत एक लोखंडी पेटी हमखास सापडेल. सातबारे, संपादनाच्या नोटिसा, पंचनामे, अर्जांच्या पोचपावत्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, पाच जणांनी प्राण दिले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पण हक्क मिळणे आणि भूखंड मिळणे यांच्यामध्ये कागद उभा होता. ज्याच्याजवळ कागद, त्याचा दावा. अशा घरातल्या म्हाताऱ्याला ‘कागदाचा जमाना गेला’ म्हणून सांगणे हा उद्धटपणा आहे.

कागदही अमर नसतो, हेही या महाराष्ट्राने पाहिले. २६ जुलै २००५ च्या पुरात कितीतरी घरांच्या अशा पेट्यांचा लगदा झाला. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, वरचे मजले होरपळले, पाच जणांचा जीव गेला आणि नस्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे राख झाले. जी कागदपत्रे आधीच स्कॅन होऊन संगणकात गेली होती, ती वाचली. म्हणून कागद की संगणक हा वादच मला चुकीचा वाटतो. महत्त्वाचा दस्तऐवज दोन ठिकाणी, दोन रूपांत असावा. बिनमहत्त्वाचा कुठेच नसावा.

कुठला महत्त्वाचा, हे ठरवायची रीत आपल्या प्रशासनात जुनी आहे. अभिलेखांचे वर्ग असतात. ‘अ’ वर्गाचे कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा वर्षे, ‘क-१’ पाच वर्षे आणि ‘ड’ वर्ग एक वर्षानंतर नष्ट करायचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तर असे शिस्तीने लावून दाखवले, की ‘लखिना पॅटर्न’ हा शब्दच रूढ झाला. संगणक नसतानाची ही गोष्ट आहे. ‘ड’ वर्गाचा कागद वेळेवर नष्ट केला नाही, की ‘अ’ वर्गाचा सापडत नाही. गर्दीत हरवलेला कागद आणि जळालेला कागद यांत अर्जदाराच्या दृष्टीने काय फरक?

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. मोठ्या कार्यालयाने कागद वाचवला, असे आपण म्हणतो तेव्हा तो खरोखर वाचला, की नुसता फाटकाबाहेर गेला, हे पाहावे. बेलापूरच्या कुठल्याही मोठ्या कार्यालयाबाहेर झेरॉक्सच्या टपऱ्या पाहा. अर्ज ऑनलाइन भरायचा. मग त्याची छापील प्रत काढायची. तिला आधार कार्डाची प्रत, शिधापत्रिकेची प्रत, वीजबिलाची प्रत जोडायची. ‘दोन संच आणा’ म्हणून परत यायचे. कार्यालयाच्या खात्यात कागदाचा खर्च घटलेला दिसतो. तो खर्च आता धुणीभांडी करणारी बाई, रिक्षावाला, निवृत्त शिपाई पाच-दहा रुपयांनी भरत असतो. एका कार्यालयात मी स्वतः ऑनलाइन अर्ज केला आणि तोच अर्ज पुन्हा छापून खिडकीवर द्यावा लागला. खिडकीवरच्या मुलीने तो घेतला, त्यावर शिक्का मारला आणि संगणकावर माझा तोच अर्ज उघडून पडताळणी केली. तिची चूक नव्हती. तिला तसे सांगितले होते. कागदी घोडे नाचवणे हा आपला जुना वाक्प्रचार. आता घोडा संगणकात आणि चारा नागरिकाच्या खिशातून, एवढाच फरक झाला.

सुधारणा होते तेव्हा ती दोन्ही बाजूंनी होते. १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. त्यावर तलाठ्याच्या सहीची गरज उरली नाही. कार्यालयाचाही कागद वाचला, शेतकऱ्याची खेपही वाचली. रेल्वेने २०१८ मध्ये मोठ्या स्थानकांवर डब्यांवर आरक्षणाचे तक्ते चिकटवणे थांबवायला सुरुवात केली, कारण प्रवाशाचा आसन क्रमांक आधीच त्याच्या मोबाइलवर पोचलेला असतो. जिथे माहिती माणसापर्यंत पोचते, तिथे कागद आपणहून गळून पडतो. जिथे माहिती न पोचवताच कागद काढून घेतला जातो, तिथे माणूस अंधारात राहतो.

एक कागद मात्र कुणी तोडू नये. तो म्हणजे पोच. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अर्जदाराला पोच मिळण्याची तरतूद केली आहे. ती मोबाइलवर आली तरी चालेल, पण ज्याच्याजवळ मोबाइल नाही किंवा ज्याला तो वाचता येत नाही, त्याला हातात चिठ्ठी मिळालीच पाहिजे. त्या तळहाताएवढ्या कागदावर एका माणसाचा सगळा भरवसा असतो. तिथे काटकसर करू नका. चाळीस पानी अहवालात एक अनुस्वार चुकला म्हणून चाळीसही पाने पुन्हा छापता, तिथे करा. तक्त्याचा एक रकाना कडेला सरकला म्हणून रिकामी तीस पाने बाहेर पडतात; छापण्यापूर्वी पडद्यावर एकदा पाहिले असते तर ती पडली नसती. तिथे करा. बैठकीत पंधरा जणांपुढे पंधरा जाड संच ठेवता आणि बैठक संपल्यावर तेरा टेबलावरच राहतात, तिथे करा.

म्हणून प्रत्येक मोठ्या संस्थेच्या प्रमुखाला माझे एकच सांगणे आहे. वर्षअखेरीस दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. एक, आपल्या संस्थेने किती कागद छापला. दुसरा, आपल्याकडे आलेल्या माणसांना किती कागद छापायला लावला. पहिला आकडा घटला आणि दुसरा वाढला, तर त्याला बचत म्हणू नका. दोन्ही घटले, तर मात्र प्रिंटरशेजारचे ते पाठकोऱ्यांचे खोके रिकामे दिसेल. माझ्यासारख्या कवींची थोडी गैरसोय होईल, पण आम्ही वही विकत घेऊ.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)